बटण नसलेल्या सेटिंग्ज: टर्मिनलमधून लॅपटॉप आपल्या कामाजोगा करताना

विंडोजच्या जागी वापरता येणाऱ्या उबुंटू या मोफत प्रणालीत स्क्रीनच्या डाव्या कडेला चिन्हांची उभी पट्टी असते, तिला डॉक म्हणतात. डॉकमधल्या चिन्हावर क्लिक केलं की तो प्रोग्राम समोर येतो. त्याच चिन्हावर पुन्हा क्लिक केलं, तर विंडोजच्या सवयीप्रमाणे तो खाली जायला हवा, पण जात नाही. सेटिंग्ज उघडून पाहिल्या. डॉक डावीकडे हवा की खाली, चिन्हं केवढी हवीत, डॉक लपवायचा का, हे सगळं तिथे विचारलेलं आहे. दुसऱ्या क्लिकला विंडो खाली न्यायची का, एवढंच तिथे नाही. खरं तर ही सोय सिस्टिममध्ये आधीपासून आहे, फक्त तिच्यासाठी बटण ठेवलेलं नाही. टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची विंडो, उघडून एक ओळ लिहिली, एंटर दाबलं आणि पुढच्या क्लिकला विंडो शहाण्यासारखी खाली गेली. त्या ओळीपासून मला टर्मिनलची गोडी लागली, ती अजून आहे.

मी घरून मराठी पुस्तकांचं मुद्रितशोधन करते. लॅपटॉप जुना, पण धडधाकट आहे. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय माझ्या मशीनमध्ये नाही. चालतं मशीन टाकून द्यायला मन होईना, म्हणून त्यावर उबुंटू २४.०४ घातलं. ही एप्रिल २०२४मध्ये आलेली दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. डेस्कटॉप, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा सगळा पसारा, ग्नोम नावाच्या प्रणालीचा, आवृत्ती ४६. मी संगणकाचं शिक्षण घेतलेलं नाही. खाली जे लिहिते आहे ते करायला तसं शिक्षण लागतही नाही.

टर्मिनल उघडायला कंट्रोल, आल्ट आणि टी ही बटणं एकत्र दाबायची. आपलं नाव, मशीनचं नाव आणि डॉलरची खूण असलेली ओळ दिसते, तिच्यापुढे कमांड लिहायची. कमांड टाइप करायची ती अर्थातच रोमन अक्षरांत. इथे मी ती आपण बोलताना म्हणू तशी लिहिते आहे. डॉकची ती ओळ अशी: जीसेटिंग्ज सेट ऑर्ग.ग्नोम.शेल.एक्स्टेन्शन्स.डॅश-टू-डॉक क्लिक-ॲक्शन 'मिनिमाइझ'.

लांबलचक दिसते खरी, पण तिचे पाचच तुकडे आहेत आणि ते ओळखता आले की पुढचं सगळं सोपं होतं. जीसेटिंग्ज हे प्रोग्रामचं नाव. सेट म्हणजे बदल कर. मग टिंबांनी जोडलेलं लांब नाव, त्याला स्कीमा म्हणतात. एका विषयाच्या सेटिंग्जचा तो गट. त्यानंतर त्या गटातली नेमकी एक सेटिंग, जिला की म्हणतात. शेवटी नवी किंमत. सेटच्या जागी गेट लिहिलं आणि शेवटची किंमत गाळली, तर काही न बदलता सध्याची किंमत समोर येते. रिसेट लिहिलं तर मूळची किंमत परत येते. ही तीन क्रियापदं आली की निम्मं काम झालं. नावं पाठ करायची गरज नसते, चार अक्षरं लिहून टॅब दाबलं की उरलेलं नाव मशीन स्वतः पूर्ण करतं.

आधी गेट, मग सेट, हा क्रम मी कधीच मोडत नाही. जुनी किंमत डोळ्यांसमोर असली की हात कापत नाही. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते: जीसेटिंग्जच्या कमांडआधी सुडो (कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द) लावायचं नसतं. या सेटिंग्ज ज्याच्या त्याच्या खात्याच्या असतात. सुडो लावलं की बदल प्रशासकाच्या खात्यात जातो आणि आपल्या स्क्रीनवर काहीच होत नाही. याचीच दुसरी बाजू म्हणजे या कमांडने सिस्टिमची मोडतोड होत नाही. फार तर आपल्या खात्याचं रूप बदलतं आणि तेही रिसेटने परत आणता येतं. नवख्या माणसाने टर्मिनलमध्ये पहिलं पाऊल टाकायला यापेक्षा सुरक्षित जागा मला तरी माहीत नाही.

दुसरी अडचण माझ्या कामाचीच होती. इंग्रजी वाचायला जो आकार पुरतो तो देवनागरीला पुरत नाही. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. तेवढ्याच उंचीत हे सगळं बसवायचं म्हणजे मधलं अक्षर बारीक होतं, आणि खालचा उकार ऱ्हस्व की दीर्घ हे नजरेला कळेनासं होतं. मुद्रितशोधनात तर तीच पाहायची गोष्ट. सेटिंग्जमध्ये मोठ्या अक्षरांचं एक बटण आहे, पण ते एकाच ठरावीक मापावर नेतं, मधलं काही देत नाही. मला मधलंच हवं होतं.

इथे स्कीमा ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.इंटरफेस, की टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर. गेट केलं तर उत्तर १.०. सेटच्या जागी रेंज लिहून विचारलं तर मशीन सांगतं की ०.५पासून ३.०पर्यंत काहीही चालेल. डिस्क्राइब लिहिलं तर ही की काय करते ते एका वाक्यात सांगतं. मग १.१ लिहून पाहिलं. एंटर दाबताच वरची पट्टी, मेनू, उघडलेल्या विंडो, सगळी अक्षरं तिथल्या तिथे किंचित फुगली. लॉगआउट नाही, पुन्हा सुरू करणं नाही. वरचा बाण दाबला की आधीची ओळ परत येते, तिच्यातला आकडा बदलायचा आणि पुन्हा एंटर. १.१५, १.२. एका बाजूला 'सुत' आणि 'सूत' असे शब्द असलेलं पान उघडं ठेवलं होतं. १.२ला दोन्ही उकार डोळे न ताणता वेगळे दिसले आणि मेनूही कापले जात नव्हते. तिथे थांबले. माउसने सरकपट्टी ओढून हे इतकं नेमकं साधलं नसतं.

कमांड बरोबर असली की टर्मिनल काहीच बोलत नाही, नुसती पुढची रिकामी ओळ देतं. ही शांतता सुरुवातीला खटकते, पण तीच होकाराची खूण. नाव चुकलं तर अशी की नाही असं स्पष्ट लिहून येतं, आकडा मर्यादेबाहेरचा असेल तर तेही येतं, आणि जुनी किंमत जशीच्या तशी राहते.

फॉन्टचं काम याच्या पुढचं. मराठी वाचकाला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असतो. बऱ्याच फॉन्टांत मात्र समोर येतो तो हिंदी वळणाचा. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रामला कळलं तरच मराठी रूप पुढे येतं. आपल्या मशीनवर मराठीला चालणारे फॉन्ट कोणते, हे विचारायला छोटी कमांड आहे: एफसी-लिस्ट, मग जागा सोडून कोलन, त्याला चिकटून लँग बरोबर एमआर, आणि शेवटी फॅमिली हा शब्द. फॉन्टांची यादी खाली उतरते. नवे फॉन्ट घालायला माझ्या होम फोल्डरमध्ये डॉट लोकल, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स असा फोल्डर केला. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आणि आयआयटी मुंबईचा शोभिका हे दोन्ही मुक्त परवान्याचे फॉन्ट त्यात ठेवले आणि एफसी-कॅश -एफ ही कमांड दिली. पुन्हा यादी मागितली तर दोघं हजर. शोभिका छापील पुस्तकाच्या जवळचा आहे, तपासायला मला तोच बरा वाटतो. पडद्यावर सलग वाचायला मुक्ता.

कळफलकाकडे मात्र सावकाश वळावं. माझी बोटं इन्स्क्रिप्टवर बसलेली आहेत, उच्चाराप्रमाणे टाइप करणं मला जमत नाही. स्कीमा ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.इनपुट-सोर्सेस, की सोर्सेस. गेट केल्यावर चौकटी कंसात, आत गोल कंसात, एक्सकेबी आणि यूएस असे दोन शब्द अवतरणांत दिसले. म्हणजे एकच कळफलक, अमेरिकी इंग्रजी. त्याच घाटात स्वल्पविराम देऊन दुसरी जोडी लिहायची: एक्सकेबी आणि इन+मराठी. ही सुधारित इन्स्क्रिप्ट मांडणी आहे. उच्चारी पद्धत हवी असेल त्यांच्यासाठी इन+मार-कागापा आहे. इथे एक बारकावा आहे. ही पूर्ण किंमत बाहेरून दुहेरी अवतरणांत घालावी लागते, नाहीतर टर्मिनल गोल कंसाचा भलताच अर्थ लावतं आणि अडून बसतं. आतली अवतरणं एकेरी, बाहेरची दुहेरी, हे एकदा डोक्यात बसवायचं. मग सुपर बटण (म्हणजे विंडोजची खूण असलेलं) आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते.

शिफ्ट धरून इंग्रजी जे (J) हे बटण दाबलं की ऱ. त्यापुढे हलन्त आणि य दिला की 'दऱ्या', 'सुऱ्या', 'कोपऱ्यात' हे शब्द नीट उमटतात. 'दर्या' आणि 'दऱ्या' हा फरक ज्या कळफलकावर सहज करता येत नाही, तो मराठी मजकुराच्या कामाचा नाही, असं माझं स्वच्छ मत आहे. ळ शिफ्ट आणि एनवर आहे.

त्याच स्कीमात पर-विंडो नावाची की आहे. ती ट्रू केली की प्रत्येक विंडो आपली भाषा लक्षात ठेवते. लेखकाच्या हस्तलिखिताच्या विंडोत मराठी, प्रकाशनाला पाठवायच्या मेलच्या विंडोत इंग्रजी. इकडून तिकडे गेलं की भाषा आपोआप बदललेली असते. दोन भाषांत दिवसभर ये-जा करणाऱ्या माणसाला या एका ओळीचं मोल वेगळं सांगायला नको. अनुवादकांनी तर ती पहिल्या दिवशीच घालावी.

एवढं झाल्यावर प्रश्न उरतो की कीचं नाव कळायचं कसं. याचे दोन मार्ग मला सापडले आणि दोन्ही रोजच्या वापरातले आहेत. पहिला, जीसेटिंग्ज लिस्ट-रिकर्सिव्हली ही कमांड सगळ्या सेटिंग्ज किमतींसकट ओतते. त्या पुरातून हवं ते वेचायला पुढे उभी रेघ देऊन ग्रेप आणि शोधायचा शब्द लिहायचा. कर्सर शोधलं तर कर्सरच्या चार ओळी हाती येतात.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. ग्नोम आपल्या सेटिंग्ज डीकॉन्फ नावाच्या एका लहानशा साठ्यात ठेवतं. टर्मिनलमध्ये डीकॉन्फ वॉच लिहून, जागा सोडून एक तिरकी रेघ द्यायची आणि एंटर दाबायचं. (ही कमांड सापडत नसेल तर सुडो ॲप्ट इन्स्टॉल डीकॉन्फ-सीएलआय.) टर्मिनल तसंच उघडं ठेवून शेजारी सेटिंग्जची विंडो उघडायची आणि एखादं बटण चालू-बंद करायचं. मी बॅटरीची टक्केवारी दाखवायचं बटण चालू केलं. त्याच क्षणी टर्मिनलमध्ये ओळ उमटली: ऑर्ग, ग्नोम, डेस्कटॉप, इंटरफेस, शो-बॅटरी-पर्सेंटेज, मधे तिरक्या रेघा, आणि खाली ट्रू. बंद केलं, खाली फॉल्स. बटणामागे नेमकं काय चालतं ते असं उघड्यावर पाहायला मिळालं की हा सगळा प्रकार परका वाटेनासा होतो. कंट्रोल आणि सी दाबलं की पहारा थांबतो. त्यानंतर मी एकेक बटण दाबून नावं टिपत बसले होते, वेळेचं भान राहिलं नव्हतं.

बाकीच्या ओळी भराभर सांगते. एनेबल-ॲनिमेशन्स फॉल्स केलं, जुन्या मशीनवर विंडो उघडणं चटकन वाटू लागलं. क्लॉक-शो-वीकडे ट्रू, घड्याळाशेजारी वार. टचपॅडच्या स्कीमात टॅप-टू-क्लिक ट्रू. रात्री स्क्रीन पिवळसर करणारा नाइट लाइट मी सूर्यास्तावर न ठेवता वेळेवर ठेवला आहे. तिथे वेळ दशांशात लिहायची असते, म्हणजे रात्री साडेआठ हवे असतील तर २०.५.

तारीख मराठीत हवी होती. हे काम जीसेटिंग्जच्या हद्दीतलं नाही आणि इथे सुडो लागतंच, कारण ते सबंध मशीनचं आहे. सुडो लोकेल-जेन, पुढे मराठीचं भाषाचिन्ह एमआर, खालची रेघ आणि भारताचं आयएन. एवढं झाल्यावर कायमचा बदल करण्याआधी चाखून पाहता येतं, हे मला फार आवडलं. एलसी_टाइम बरोबर एमआर_आयएन, जागा सोडून डेट, आणि एंटर. त्या एका ओळीपुरती तारीख मराठीत येते, वार आणि महिना आपल्या भाषेत. नंतर नुसतं डेट लिहिलं की पुन्हा इंग्रजी. पसंत पडलं तेव्हा सुडो अपडेट-लोकेल ही कमांड देऊन तीच जोडी कायम केली, लॉगआउट करून परत आले, आणि वरच्या पट्टीत महिन्याचं नाव मराठीत होतं. मेनू मात्र मी इंग्रजीतच ठेवले आहेत, कारण अडलं तर मदत शोधताना तेच शब्द लागतात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तो भाग. या सगळ्या ओळी मी एका साध्या मजकुराच्या फायलीत एकाखाली एक लिहून ठेवल्या, नाव सेटिंग.एसएच. ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण दिली की पुढचं मशीन वाचत नाही, माणसासाठी राहतं. आणि तिथे देवनागरी बिनदिक्कत चालते. म्हणून प्रत्येक कमांडच्या वर मी कारण लिहिलं आहे. '# उकार नीट दिसावेत म्हणून.' '# मेल इंग्रजीत, हस्तलिखित मराठीत.' '# डॉकवर दुसऱ्या क्लिकला विंडो खाली जावी.' डीकॉन्फ डंप ही कमांडही सगळ्या सेटिंग्ज एका फायलीत ओतून देते आणि डीकॉन्फ लोडने त्या परत भरता येतात. ती प्रत मी राखून ठेवते. पण त्या फायलीत विंडोच्या लांबी-रुंदीपासून काय काय भरलेलं असतं, आणि कोणता बदल कशासाठी केला हे तिच्यात कुठेच नसतं. हाताने लिहिलेली फाईल वाचता येते. नवं मशीन समोर आलं की टर्मिनलमध्ये बॅश, जागा, फायलीचं नाव, एंटर. डोळ्यांदेखत अक्षरं मोठी होतात, डॉक जागा बदलतो, कळफलक हजर होतो.

या फायलीची खरी परीक्षा सासऱ्यांच्या लॅपटॉपवर झाली. अप्पांना वर्तमानपत्रं स्क्रीनवर वाचायची असतात आणि त्यांची एकच तक्रार होती.

"अगं, तो बाण कुठे जातो दर वेळी? शोधण्यातच वेळ जातो माझा."

फायलीची प्रत काढून तिच्यात त्यांच्यापुरत्या ओळी बदलल्या. टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर १.४. कर्सर-साइझ मुळात २४ असतो, तो ४८. वाचता वाचता स्क्रीन काळी होऊ नये म्हणून सेशनच्या स्कीमातला आयडल-डिले शून्य. तो सेकंदांत मोजतात आणि मूळचा ३०० असतो, म्हणजे पाच मिनिटं. आणि त्यांच्या तक्रारीवरचं नेमकं औषध, लोकेट-पॉइंटर ट्रू.

"आता कंट्रोल दाबून सोडा, अप्पा."

त्यांनी दाबलं. बाणाभोवती एक वर्तुळ उमटून विरलं. त्यांनी माउस मुद्दाम कोपऱ्यात नेला, पुन्हा दाबलं, पुन्हा वर्तुळ.

"हे आधीपासून होतं यात?"

होतंच. फक्त ट्रू म्हणायचं राहिलं होतं. आता त्यांचे मित्र आले की ते त्यांनाही कंट्रोल दाबून दाखवतात, आणि दोघांनी आपापले लॅपटॉप माझ्याकडे पाठवायचं कबूल करून घेतलं आहे.

ही पद्धत सगळीकडे पोचत नाही, तेही सांगायला हवं. लिबरऑफिस स्वतःच्या सेटिंग्ज ग्नोमच्या साठ्यात ठेवत नाही, आणि फायरफॉक्सचंही तसंच. माझं निम्मं काम लिबरऑफिसच्या रायटरमध्ये होतं आणि वर सांगितलेला पाकळीचा ल तिथे दिसायचा तर मजकुराची भाषा मराठी लावलेली हवी. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये जाऊन जटिल लिप्यांसाठीची भाषा मराठी केली, फॉन्ट शोभिका केला. हे सगळं शेवटी होम फोल्डरमधल्या डॉट कॉन्फिगच्या आत, लिबरऑफिसच्या फोल्डरात, रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स या नावाच्या एका फायलीत लिहिलं जातं. लिबरऑफिस बंद ठेवून ती फाईल एका मशीनवरून दुसऱ्यावर नेली की भाषा, फॉन्ट आणि इतर पर्यायही सोबत जातात. त्यामुळे माझ्या सेटिंग.एसएचची शेवटची ओळ जीसेटिंग्जची नाही. ती सीपी या फायलीची प्रत करणाऱ्या कमांडची आहे, पेनड्राइव्हवरून ती फाईल जागेवर ठेवणारी, आणि तिच्यावर हॅश देऊन लिहिलं आहे: 'रायटर आधी बंद करा.'